दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

त्या वर्षी मी सारखा दमलेला असायचो. गिरगावातल्या आमच्या घराचे जिने चढून आलो की दारातल्या स्टुलावर बसूनच बूट काढायचो. बायको म्हणायची, "अरे, दिवसभर एसीत बसतोस ना?" उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

ऑफिसच्या तपासणीत सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात फॅटी लिव्हर निघालं. वरळीचा धाकटा भाऊ फोनवर हसत सुटला. "दादा, कधीपासून प्यायला लागलास?" मी आयुष्यात बिअरलाही हात लावलेला नाही. मित्र म्हणाले, सगळ्यांनाच असतं रे हल्ली. मलाही ते पटलं.

बायकोला पटलं नाही. तिने मला परळला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. पोट तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं, "घोरता का? जिना चढताना छातीत जड वाटतं?"

"वाटतं. पण मी लिव्हरसाठी आलोय."

"लिव्हर एकटं बिघडत नाही हो," त्या म्हणाल्या. "तिथे चरबी साठते, त्याबरोबर साखर, प्रेशर, किडनी, हृदय सगळ्यांचाच धोका वाढतो. मला तुमच्या लिव्हरपेक्षा हृदयाची काळजी जास्त वाटतेय."

रक्तातली साखर वाढलेली निघाली. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायची हृदयाची टेस्ट त्यांनी मध्येच थांबवली. आठवड्याभरात अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या एका नळीत ब्लॉकेज होतं, तिथेच स्टेंट बसवला. मी नुसता पडून होतो. भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदाच कुणी उठ म्हणत नव्हतं, त्याचंच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ हॉस्पिटलात आला. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"दादा, मीही सोनोग्राफी करून आलो."

"मग?"

"तेच."

दोघांनाही हसू आलं नाही. "उद्याच बाईंची वेळ घे," मी म्हटलं. त्याने तिथेच फोन काढला.

आता मी सकाळी चौपाटीवर चालतो. बेकरीवरून जाताना पाव घेत नाही. वजन थोडं उतरलंय, साखर गोळ्यांनी आटोक्यात आहे, लिव्हरही सुधारतंय असं बाई म्हणतात. छातीतलं ते जडपण गेलं. थकवा मात्र पुरता गेलेला नाही. चालून आलो की वाटतं, आजच्यापुरतं झालं. मग आठवतं, हे आता रोजचंच आहे, आणि मी आंघोळीचं पाणी काढतो.