मागून येणारी रेघ

टॅब्लेटला हात लावण्याआधी मामी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांवर चोळत. चिमटीतून पीठ सोडताना चोळतात तशी. काचेवर पडण्यासारखं काही नव्हतंच, तरीही चोळत. मग पेन उचलून स्वतःशीच म्हणत, "हं, सरी." सरी म्हणजे ठीक. चेन्नईत राहायला आलात तर पहिल्या आठवड्यात शिकाल असा हा शब्द. त्यांचा दुसरा शब्द होता पोदुम, म्हणजे पुरे. कॉफी ओतताना पोदुम, टीव्हीवरची भांडणं ऐकताना पोदुम, आणि मी ऑफिसबद्दल कुरकुर करायला लागले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पोदुम.

मी शोळिंगनल्लूरला एका उंच इमारतीत राहते आणि कंपनीच्या बसने सिरुसेरीला कामाला जाते. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना न दुखावता त्या सांगायच्या. घरी येईपर्यंत डोळे चुरचुरत असतात, पाठ बोलायला लागलेली असते आणि पडदा नावाची कुठलीही वस्तू पुन्हा पाहू नये असं वाटतं. अशा माणसाच्या नशिबी समोरच्या दारातल्या मामींचा टॅब्लेट आला.

ओळख लिफ्टमध्ये झाली. मी सांगलीला आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "तूं मराठी की? मीही तेच." मी चकित होऊन पाहत राहिले, कारण त्याआधी वर्षभर मी त्यांना तमिळ समजून मोडक्या इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणत होते. त्यांचं घराणं तंजावरचं, कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. त्यांची मराठी माझ्या पणजीसारखी सुरू होई आणि तमिळ हेल काढून संपे. माझी मराठी त्यांना बातम्या वाचल्यासारखी वाटे. "किती भरभर बोलतेस गं. कोण पाठीस लागलंय?" असं त्या विचारत. इमारतीत सगळे त्यांना मामी म्हणत, मीही म्हणू लागले.

आयुष्यभर त्यांनी गिंडीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग केलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. थोरली बहीण, म्हणजे अक्का, तंजावरला. मामी एकट्या राहत आणि एकट्याच राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मुलाने मात्र कोइंबतूरला म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत चौकशी करून ठेवली होती. बोलावता डॉक्टर येतो, वेळेवर जेवण मिळतं, बाग आहे. "आई, काही झालं तर लगेच तिकडे," असं तो दर फोनवर सांगे. मामी फोन ठेवून मला म्हणत, "काही होत नाही मजला. बागेत बसून मी काय करूं?"

त्यांचं काम होतं कोलम. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, पण इथली तऱ्हा निराळी. पहाटे दारासमोर सडा घालायचा, तांदळाच्या पिठाने ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती वळसे घेत एकच रेघ फिरवायची. रेघ जिथून निघाली तिथेच परत आणून मिटवायची. उघडी राहिली तर काढणारीला दिवसभर चैन पडत नाही. आमच्या मजल्यावरच्या लाद्यांवर मामी रोज कोलम काढत आणि साफसफाईवाली बाई रोज त्याला वळसा घालून लादी पुसत असे.

मग गुडघे गेले. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास मुलाने तो महागाचा टॅब्लेट पाठवला. आईने सिनेमे पाहावेत म्हणून त्याने पाठवला, आणि आईने त्यावर कोलम काढायला सुरुवात केली. पहाटे सडा, मग आत येऊन टेबलाशी बसून कोलम, मग त्याचं चित्र घरच्यांच्या ग्रुपवर. ग्रुपवर अक्का, मुलगा, दोन भाच्या आणि टॅब्लेटची देखभाल करणारी म्हणून मी. अक्कांचं उत्तर रोज एकच, "सरी." कोलम आलं म्हणजे धाकटी उठली, बरी आहे, एवढा त्याचा अर्थ. चित्र पाठवून झालं की मामी तो टॅब्लेट दाराबाहेर चौरंगावर ठेवत, पडदा उजळ करून. कॉफी पिऊन होईपर्यंत दारात कोलम असे. मी बस पकडायला धावताना त्याला ओलांडून जायची. हसू नका, बरं दिसायचं ते.

एके दिवशी सडा घालायच्या आधीच अक्कांचा फोन आला आणि सगळा क्रम उलटा झाला. मामींनी आधी कोलम काढलं, टॅब्लेट चौरंगावर ठेवला, मग सडा राहिला हे आठवलं. तांब्या घेऊन आल्या आणि चांगला हात भरून सडा घातला, दारात, चौरंगावर, टॅब्लेटवर. मी दार उघडलं तेव्हा त्या तांब्या धरून उभ्या होत्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "कोलम पुसलं गेलं गं."

पुसलं गेलं ते गेलंच. तो टॅब्लेट पुन्हा सुरू झाला नाही. मुलाला सांगायची सोय नव्हती. आई विसरायला लागली, असं म्हणून त्याने त्याच दिवशी कोइंबतूरला फोन लावला असता.

शनिवारी आम्ही दोघी दुकानात गेलो आणि मामींच्या पेन्शनीत बसेल असा एक स्वस्तातला टॅब्लेट घेऊन आलो. दुकानदाराने वर रबरी टोकाचं एक पेन दिलं. माझ्यासारखीला नव्या वस्तूचे गुणदोष मांडायची सवय, पण मामींनी मला तोंड उघडू दिलं नाही. त्यांनी तो हातात तोलून पाहिला. पाठीवर टिचकी मारली. "डब्याचं झाकण गं हे." सुरू केला तर कंपनीचं नाव दाखवत बराच वेळ बसून राहिला. "ह्याला घाई नाही." रंग पाहिले. "धुवून वाळत घातल्यासारखे आहेत." पण आवाज मोठा होता, अक्का स्पष्ट ऐकू आल्या, त्याचं त्यांनी कौतुक केलं. मग बोटं चोळली, पेन टेकवलं, हात पुढे गेला आणि रेघ क्षणभर थांबून त्याच्यामागे निघाली.

"मागून येते गं ही."

"स्वस्तातला आहे ना मामी. थोडं मागून येणारच."

"असूं दे. म्हाताऱ्या बाईमागून म्हातारी रेघ."

आम्ही दोघी हसलो. मला तो टॅब्लेट आवडलाच. माझ्या ऑफिसात घाई नसलेली एकही वस्तू नव्हती.

मागून येण्याची तक्रार आठवड्यात मिटली. त्यांनी हात सावकाश केला. मग दुसरी तक्रार सुरू झाली. रेघ थरथरते. वळशावर दाते पडतात. मी पडदा पुसला. वरची प्लॅस्टिकची काच काढून टाकली. पेन बदललं. स्वस्त पडद्याला स्पर्श नीट कळत नाही वगैरे त्यांना समजावून सांगितलं, मला ते समजावून सांगायचा पगारच मिळतो. तोवर त्या ग्रुपवर जुनीच चित्रं पुन्हा पाठवत होत्या. "हे नीट होऊं दे, मग नवी काढतें." नवी पाहून मुलाने सरळ विचारलं असतं, आई, हात का थरथरतो? म्हणून.

एका रविवारी मी त्यांच्याकडे बसले आणि ऑफिसात करते तसं केलं. एक उभी रेघ मारली, एक आडवी, मग एक वळसा. तिन्ही नीट आल्या. पुन्हा मारल्या. पुन्हा नीट. त्यांच्या कालच्या कोलमाशेजारी माझा तो बेढब वळसा गुळगुळीत बसला होता. मी पेन खाली ठेवलं. स्वयंपाकघरातून मामी कॉफी घेऊन येत होत्या आणि ताटलीतला पेला आणि वाटी एकमेकांवर वाजत होते. तो आवाज मी कित्येक दिवस ऐकत आले होते. त्यांच्या घरची कॉफी वाजतच येते, असंच मला वाटायचं.

महागाच्या टॅब्लेटवर कोलम काढायचं जे ॲप होतं, त्यात रेघ आपोआप सरळ करायची सोय असते. हात थरथरला तरी ती वळसा नीट करून दाखवते. ती सुरूच असणार. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

मी माझ्या रेघा पुसायला हात नेला, पण मामींनी ताटली ठेवून आधी पडद्याकडे पाहिलं.

"ही कुणाची?"

"माझी."

त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या. खुर्ची ओढून बसल्या. उजवा हात मांडीवर ठेवला, त्यावर डावा ठेवला.

"कॉफी सांडते हल्ली," त्या म्हणाल्या. "मजला वाटलं पेला फार गरम होतो."

 दिवसभर लोकांना त्यांच्या चुका सांगणारी मी, तिथे पेनाचं टोक पुसत बसले. शेवटी त्या सोयीबद्दल सांगितलं, जुन्यात होती ती. मग घाईघाईने म्हणाले, "मामी, तसलंच ॲप ह्यावरही घालता येतं. आत्ता घालते. कुणाला कळणार नाही. कोलम पहिल्यासारखं येईल."

खरंच कुणाला कळलं नसतं. मुलाला रोज सुंदर कोलम दिसलं असतं आणि मामी आपल्या घरी राहिल्या असत्या. मला तेच हवं होतं. समोरचं दार बंद झालेलं मला नको होतं, हे आत्ता लिहिताना लाजण्यासारखं काही नाही.

मामींनी बोटं चोळली. बराच वेळ चोळत होत्या.

"म्हणजे इतके दिवस अक्काला मी यंत्राचा हात पाठवला," त्या म्हणाल्या. "ती सकाळी चष्मा लावून पाहते गं. मी कशी आहें तें पाहायला."

"पण मुलगा बघेल ना."

"पाहूं दे."

"तो कोइंबतूरला नेईल."

"नेईल की."

मी ॲपचं पुन्हा बोलू लागले.

"पोदुम, कण्णा." कण्णा म्हणजे बाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर नवं कोलम आलं. छोटंसं, मोजक्या ठिपक्यांचं. वळशांना दाते होते, एके ठिकाणी रेघ ठिपक्यावरूनच गेली होती, पण फिरून जागेवर येऊन मिटली होती. अक्कांनी लिहिलं, "सरी." मुलाचा फोन कॉफी होण्याच्या आधी आला.

पुढचं लवकर झालं. तो आला, डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी औषध दिलं, त्याने हे थांबत नाही, हळू होतं. मुलगा वाईट नाही हो. आईचे हात हातात धरून सोफ्यावर बसलेला मी पाहिलाय त्याला. कोइंबतूरला निघताना त्याने तिच्यासाठी पुन्हा महागाचा टॅब्लेट घेतला, जुन्याहून चांगला. स्वस्तातला मामींनी माझ्या हातात दिला. "तुजला राहूं दे. ह्याच्यापाशी थोडी घाई कमी शीक." गाडीत बसल्यावर मागे वळून त्यांनी आमच्या मजल्याकडे पाहिलं नाही. मान वळवणं त्यांना त्रासाचं होत होतं, असं मी धरून चालते.

समोरचं दार बंद असतं. साफसफाईवाली बाई अजूनही दारासमोरच्या तेवढ्या जागेला वळसा घालून पुसते, सवयीने.

कोइंबतूरहून रोज कोलम येऊ लागलं. मोठमोठी, खूप ठिपक्यांची, कशी रेखीव. एकही दाता नाही. पहिल्या दिवशी मला आनंद झाला, दुसऱ्या दिवशी कळलं, हा यंत्राचा हात. रोज सकाळी मी ते चित्र मोठं करून पाहायची आणि मामी कशा आहेत ते त्यातून काही समजायचं नाही.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"अक्का सगळ्यांस सांगत सुटलीय, माझा हात बरा झाला म्हणून. देवळात जाऊन आली. ती सरळ करायची सोय कुठं असते गं? मुलास सांगितलं तर म्हणतो, राहूं दे आई, छान दिसतं."

मी सांगितलं. वर उजवीकडे पाहा, तिथे दाबा, खाली या. त्यांचं बोट घसरून भलतीकडे जाई आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. मध्ये एकदा मी म्हणाले, मामी, राहू दे का? त्या म्हणाल्या, "सांग तूं. मजला घाई नाही." शेवटी जमलं.

सोमवारी बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभी असताना चित्र आलं. नेहमीपेक्षा उशिरा. चारच ठिपके होते. रेघ त्यांच्या आसपास कुठेतरी फिरत होती, कुठल्याच ठिपक्याला नीट वळसा पडला नव्हता, आणि शेवटी जिथून निघाली तिथे ती पोचलीच नव्हती. थोडी अलीकडेच थांबली होती.

ग्रुपवर कुणी काही लिहीना. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हाताने जा म्हणून सांगितलं. तंजावरला अक्का चष्मा लावून ते चित्र पाहत असतील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मी ऊन वाढेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग अक्कांचं उत्तर आलं.

"सरी."