मागं गेलेलं पाणी

बायकोची जुनी साडी झटकली तर घडीतून वाळू सांडली. वीस वर्षांपूर्वी मास्तरकीच्या प्रवास-सवलतीत आम्ही दोघं वसमतहून अंदमानला गेलो होतो, तिथली. बायको जन्मात पहिल्यांदा समुद्रात उतरली, मग ओल्या साडीनंच माझ्याशेजारी नारळाखाली आडवी झाली. डुलकी काढून उठलो तर पाणी पार लांब गेलेलं. भरती-ओहोटी वर्गात कैकदा शिकवूनही माझ्या तोंडून निघालं, "कॅनॉलसारखं वरून कुणी बंद केलं का काय?" बायकोच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत. "मी उतरले म्हून तर गेलं न्हाई ना?" तिनं विचारलं. संध्याकाळी पाणी परत आलं, थेट तिच्या पायांपर्यंत. तिनं पाय हलवले नाहीत. ती थट्टा करत होती का खरंच विचारत होती, मला आजही कळलेलं नाही.