बॉनेटवरची रेघ

गॅरेजात काम केलेल्या प्रत्येक माणसाच्या बाकाखाली एक डबा असतो. त्यात उरलेले नट, बोल्ट, वायसर पडलेले असतात. कुठल्या गाडीचे ते आठवत नाही आणि टाकवतही नाहीत. किश्श्यांचं तसंच होतं बघा. चार मंडळी जमली की डबा उपडा करायचा आणि हाताला येईल तो उचलायचा. पण आज मी सगळे एकाच वर्षाचे काढणार आहे. त्या वर्षी एका साहेबानं आम्हाला जे छळलं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. मागं ज्वारीची शेतं आणि पलीकडं पिंपरीला एक नवी कंपनी उभी राहत होती. गॅरेज गेनबा मिस्त्रींचं. मूळचे पुनावळ्याचे शेतकरी, पण लढाईच्या काळात मिलिटरीच्या गाड्यांवर काम शिकलेले. अक्षरओळख नव्हती. गाडी रस्त्यानं नुसती जाऊ दे, मिस्त्री मान वर न करता सांगायचे की हिचा पंख्याचा पट्टा तळेगाव गाठत नाही. आणि गाठायचा नाहीच, राव.

मी साताऱ्याकडून आलेला फिटर. कंपनीच्या चार लॉऱ्यांचं काम आमच्याकडे होतं. गाडी तपासून झाली की मिस्त्री बॉनेटवर खडूनं एक रेघ ओढायचे. रेघ नसेल तर ड्रायव्हर गाडीला हात लावत नसत. आणि त्या रेघेचा एक नियम होता. ज्यानं रेघ ओढली, त्यानं पहिल्या खेपेला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. मग गाडी देहूरोडला जावो नाहीतर घाट उतरून खोपोलीला.

*

पाडवा झाला आणि कंपनीत नवे वाहतूक अधिकारी आले. पांढरी पँट, डोक्यावर हॅट. आल्या आल्या त्यांनी मिस्त्रींकडे सर्टिफिकेट मागितलं. नाही म्हटल्यावर विचारलं, मग तुमच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले. म्हणाले, "लोखंडाला वाचता येत न्हाई, साहेब. त्याला सर्टिफिकेट दावून काय उपेग?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथल्या तिथं त्यांनी अट घातली. पुढच्या पाडव्यापर्यंत मुदत. तेवढ्यात कंपनीची एक जरी गाडी आमच्यामुळे अडली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळं काम पुण्याला. आता त्या कामावर आमची पाच घरं चालत होती. माझी बायको नुकतीच गावाहून येऊन काळेवाडीत बिऱ्हाड लावून बसली होती. मिस्त्री मात्र एवढंच म्हणाले, की घोडामैदान जवळच हाय.

*

वैशाखात पहिली अडली ती साहेबांचीच गाडी. रोज आकुर्डीपर्यंत यायची आणि रेडिएटरमधून वाफा सोडत उभी राहायची. साहेबांनी पाणी बदललं, ड्रायव्हर बदलला. शेवटी गुपचूप आमच्याकडे पाठवली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. गाडीच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. साहेबांनी गाडीला गारवा मिळावा म्हणून पुढच्या जाळीवर वाळ्याचा पडदा बांधून घेतला होता! चांगला जाड, पाणी मारलेला. बंगल्याच्या खिडकीला बांधतात तसा. आत वारा जाणार कुठून? एवढे शिकलेले साहेब, पण रेडिएटरला वारा लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींनी पडदा सोडला, गाडी परत पाठवली आणि पडदा आमच्या गॅरेजच्या दाराला बांधला. त्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी आम्ही त्याच्या गारव्यात जेवलो. साहेबांनी तो परत मागितला नाही.

*

आता माझी स्वतःची फजिती. लपवण्यात अर्थ नाही.

एका लॉरीचं पुढचं चाक मी बांधलं. घाई होती, आणि मिस्त्री पुनावळ्याला पेरणीसाठी गेले होते. म्हणून रेघ मीच ओढली. वर्षभर मनात होतं ते, खोटं कशाला बोलू. सोपान ड्रायव्हरनं रेघ पाहिली, गाडी चालू केली आणि शेजारची जागा दाखवली. मी ऐटीत बसलो. विडी काढायला खिशात हात घातला, तर विडीच्या आधी हाताला पिन लागली. चाकाचा नट निघू नये म्हणून जी पिन घालतात, तीच. चाकात असायला हवी ती माझ्या खिशात!

मी ओरडून गाडी थांबवली. अजून गॅरेजच्या दारातच होतो आम्ही. सोपाननं ही गोष्ट मिस्त्रींना सांगितली. मला वाटलं, आज हाकलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, नियम कशाला केलाय ते आता तुला कळलं.

*

श्रावणात साहेबांना बातमी लागली की सोपानची लॉरी आकुर्डीच्या पुढं उभी आहे. साहेब एवढे खूश झाले की भर पावसात स्वतः गाडी हाणत निघाले. वाटेत आमच्यासमोर थांबून काच खाली केली आणि सामान आवरायला घ्या असं सांगून गेले.

लॉरी उभी होती हे खरं. पण सोपाननं ती मुद्दाम उभी केली होती. पुढं ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. पाणी ओसरलं की निघतो, मिस्त्रींनी तसं बजावलंय, असं त्यानं साहेबांना सांगितलं. साहेबांना ते पटलं नाही. असल्या पाण्यातून गाडी जाते, बघ, म्हणून त्यांनी आपली घातली. मधोमध फट्‌फट् करून बंद पडली.

तासाभरानं आमच्या दारात वरात आली. पुढं लॉरी, मागं दोरानं बांधलेले साहेब. मिस्त्रींनी इंजिनवरच्या, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतलं पाणी कोरड्या फडक्यानं टिपलं, परत बसवली. गाडी चालू झाली. मिस्त्रींनी बॉनेट पुसून त्यावर रेघ ओढली. साहेबांनी ती लगेच हातानं पुसून टाकली.

मिस्त्री म्हणाले, तुम्ही पुसली तरी मी ओढली हाय. आणि नियमाप्रमाणे चिखलाच्या धोतरानिशी साहेबांच्या गादीवर बसून बंगल्यापर्यंत जाऊन आले. येताना चालत आले, पण मजेत आले.

*

थंडीत साहेबांनी पुण्याहून एक सर्टिफिकेटवाला मेकॅनिक आणला. आमच्या चुका काढून लिहून द्यायच्या, एवढंच त्याचं काम. पोरगेला, सभ्य माणूस. सकाळी गारठलेल्या लॉऱ्या हँडल मारून कशा चालू करतो ते त्यानं पाहिलं. इंजिनाला लाकडी दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावून मिस्त्री आतला आवाज कसा ऐकतात, ते पाहिलं. मग वही मिटली आणि स्वतः दांडा कानाला लावून बसला. दुपारी आमच्यातली भाकरी खाल्ली.

जाताना त्यानं आपल्या मोटारसायकलवर रेघ मागितली. मिस्त्री मागं बसून दापोडीपर्यंत गेले.

*

आणि मग पाडव्याला चार दिवस राहिले.

मुंबईच्या गोदीत कंपनीचं यंत्र उतरलं होतं. ते आणायला सोपानची लॉरी जाणार, मागं चौदा हमाल दोरखंड घेऊन बसलेले. मिस्त्री गाडी तपासत होते. तपासता तपासता थांबले आणि साहेबांना बोलवायला सांगितलं.

साहेब आले. मिस्त्रींनी त्यांना ब्रेकवर पाय ठेवायला लावला आणि मनात दहा आकडे मोजायला सांगितले. साहेबांनी पाय दाबला. दहा व्हायच्या आत पाय हळूहळू तळाला टेकला. आतलं रबर गेलं होतं, तेल थोपत नव्हतं. नवं रबर पुण्यात मिळत नसे, ते बाहेरून यायला दोन दिवस लागणार होते.

साहेब म्हणाले, दोनदा-तीनदा पाय मारला की लागतो ब्रेक, तेवढ्यावर जाईल. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि मग शांतपणे अटीची आठवण करून दिली. गाडी आज निघाली नाही, तर ती तुमच्यामुळे अडली. उद्यापासून काम पुण्याला.

वर्षभर आम्ही ज्याला भीत होतो ते समोर उभं होतं. मी मिस्त्रींकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, ओढा एक रेघ, मी बसतो शेजारी, काय व्हायचं ते होवो.

मिस्त्री म्हणाले, "काम गेलं तर परत मिळतंय, साहेब. घाटात गेलेली मानसं परत येत न्हाईत."

साहेबांनी सोपानला गाडी काढायचा हुकूम सोडला. सोपान बॉनेटकडे बघून म्हणाला, की रेघ नाही. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी फळीवरचा खडू उचलला आणि बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मिस्त्रींनी आयुष्यात एवढी मोठी ओढली नव्हती.

"ही घे रेघ. निघ आता."

सोपाननं मान डोलावली. पलीकडे जाऊन शेजारचं दार उघडलं, खांद्यावरच्या टॉवेलनं सीट झटकली आणि दार धरून उभा राहिला. मागच्या चौदा जणांनी माना बाहेर काढल्या.

मिस्त्री म्हणाले, "बसा, साहेब."

साहेबांनी सीटकडे पाहिलं. मग खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला.

रेघ चांगली लांब होती. पुसायला वेळ लागला.