आमच्या सीडीत मामा होता

ढोकीच्या बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणारा प्रसेनजित सध्या जपानवर चिडलेला होता. गिऱ्हाईक फुटलेली काच घेऊन आलं की हा आधी विचारी, "तुमी ती नवी 'मिठागराची पोर' मालिका बघितली का?" बघितली नाही म्हटलं तर म्हणे, "बघूच नका. पार वाटोळं केलंय." आणि बघितली, आवडली म्हटलं तर विचारूच नका, त्या माणसाची काच संध्याकाळपर्यंत बसत नसे.

चिडण्याला कारणही तसंच होतं. वीसेक वर्षांपूर्वी याच गाळ्यात प्रसेनजित सिनेमाच्या सीड्या भाड्यानं द्यायचा. सोलापूरहून आणलेल्या गठ्ठ्यात एकदा बिनकव्हरच्या काही सीड्या निघाल्या. आत जपानी कार्टून. समुद्राकाठच्या मिठागरात गेलेल्या एका पोरीची गोष्ट, तीही सगळी जपानी भाषेत. दुसऱ्या कुणी त्या फेकून दिल्या असत्या. पण कारखान्याचा हंगाम चालू होता. ऊसतोडीला आलेल्यांच्या खोप्या दुकानामागच्या माळावर पडल्या होत्या, आणि आईबाप फडात गेले की त्यांची पोरं धाकटी भावंडं कडेवर घेऊन दुकानाच्या दारात उभी राहत. प्रसेनजितनं त्यांना आत बोलावलं आणि टीव्हीशेजारी उभं राहून गोष्ट मराठीत सांगायला सुरुवात केली. जपानी त्याच्या बापालाही येत नव्हती. चित्रात दिसेल त्यावरून तो गोष्ट जुळवी. आजीचा आवाज काढी, पोरीचा काढी, आणि पोरीला समुद्र दाखवायला नेणाऱ्या मामाचा तर असा काढी की पोरं हसून लोळत. पुढं आयुष्यात त्यानं बरेच धंदे केले आणि बुडवले. पण त्या दुपारी आपण काहीतरी चांगलं केलं, एवढं तो छातीवर हात ठेवून सांगे.

सीड्या खरचटून गेल्या, दुकान बदललं. आणि आता तीच गोष्ट कुणीतरी नव्यानं काढली, हिंदीत बोलती केली, फोनवर आणली. बायकोला, रोहिणीला, शेजारी बसवून प्रसेनजितनं ती मोठ्या हौसेनं लावली आणि पहिल्याच भागात त्याचं डोकं सणकलं. समुद्र धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीसारखा चकाकत होता. जुन्यातली पोर गप्प राहून डोळ्यांत पाणी आणायची. ही अखंड बडबडत होती. तेही त्यानं सोसलं असतं. पण मामा! त्या भल्या माणसाच्या गालावर वण, हातात चाबूक, आणि म्हणे तो पोरीला कामाला जुंपायला नेणारा दलाल!

"मामाला दलाल केलं की गं ह्यांनी!" प्रसेनजित ओरडला.

"अवो, हळू. शेजारची म्हातारी उठंल," रोहिणी म्हणाली.

फोनवर या गोष्टीच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. तिथं त्यानं तोंड सोडलं. जुन्यात तो मामा होता, देवमाणूस होता, तुम्ही लोकांनी हे खपवून कसं घेतलं? पुण्या-नाशिकची पोरं त्याच्यावर तुटून पडली. जुन्यातही तो दलालच आहे, काका. तुमच्या गावाला वेगळी सीडी आली होती काय? एकानं तर, आधी कार्टून म्हणणं बंद करा, अ‍ॅनिमे म्हणा, असं शिकवलं. शेवटी कुणीतरी सरळ खोटारडा म्हणालं. ते त्याला लई झोंबलं.

खरं-खोटं करायला जुनी गोष्ट हवी. ती मिळत होती, नव्या डिस्कवर, पण किंमत सतरा हजार. लाकडी पेटी, नक्षीचा रुमाल, पोरीची पितळी मूर्ती, आणि या सगळ्याच्या तळाशी डिस्का.

"मूर्ती कशाला आमाला? बघायचंय आमाला!" तो दुकानात उभा राहून ओरडत होता. "गोष्ट इकतेत का फर्निचर?"

चोरीच्या सीड्यांवर दुकान चालवलेल्या माणसानं किमतीवर बोलावं का, असं रोहिणीनं विचारून पाहिलं. त्यावर तिला मोठं व्याख्यान ऐकावं लागलं. पण त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जी गोष्ट उघड्या माळावरच्या पोरांनी तोंडाचा आ करून पाहिली, ती आता काचेच्या कपाटात पेट्या मांडणाऱ्यांची झाली होती. तरीही पेटी मागवायचीच, असं त्यानं ठरवलं आणि ग्रुपवर तसं ठणकावून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तिशीतली बाई दुकानात आली.

"वळखलं का दादा? मी दीपाली. भूमकडची, भागवतची पोरगी. हितं मागं खोपी होती आमची. भाऊ कडंवर असायचा माझ्या."

आता ती धाराशिवला नर्स होती. ग्रुपवरचं भांडण वाचून मुद्दाम आली होती. प्रसेनजितला तर साक्षीदारच मिळाला. त्यानं तिला स्टूल दिलं आणि फोन तिच्यापुढं धरला.

"लिही हितं. मामा होता का न्हाय?"

"दादा, ती पेटी घेऊ नका."

"का? महाग हाय म्हणून?"

"महाग तर हायच. पण त्यात मामा न्हाय." ती सावकाश बोलत होती. "पोरीला न्यायच्या आधी त्यो आजीच्या हातावर पैशे ठेवतो. अन् आजी कागदावर अंगठा उठवती. आठवतंय?"

"साडीचोळीला दिले त्यानं!"

"साडीचोळीला अंगठा कोण घेतंय, दादा? ती उचल होती. त्यो मुकादम होता."

ढोकीत वाढलेल्या माणसाला उचल काय ते सांगावं लागत नाही. आधी पैसे घ्यायचे आणि मग हंगामभर मुकादम म्हणेल तिथं राबायचं. पण प्रसेनजित इतक्यात हार मानणारा नव्हता.

"मग सगळी वाट पोरीच्या डोक्यावर छत्री धरली, ती? मुकादम धरंल का?"

"भिजून पोर आजारी पडली तर उचल बुडती. आमचा मुकादम बी मायला ताप आला की गोळ्या आणून द्यायचा. गोळी गिळली की फडात."

"तुला कवा कळलं हे?"

"पैल्याच दिवशी. समद्याच पोरांना."

प्रसेनजितचा आवाज चढला. "मग बोलला का न्हाईत? मला येड्यात काढत होता व्हय?"

"मुकादम आमी दिवसभर बघत होतो, दादा. मामा फकस्त तुमच्या टीव्हीत होता. त्यो बी घालवायला कोण बोलंल?" ती म्हणाली, "अन् आमच्या मुकादमाला तुमीबी वळखायचा की. सीड्या न्यायला यायचा. तुमी खुर्ची द्यायचा."

आण्णासाहेब. पांढरी टोपी, गोड बोलणं. त्याच्यासाठी चहा समोरच्या हॉटेलातून यायचा.  प्रसेनजितचा नव्या गोष्टीवर, पेटीवर, पुण्याच्या पोरांवर जेवढा संताप होता, तेवढा एकदम गोळा होऊन आला आणि काढायला समोर कुणीच नव्हतं. तो हरामखोर जाताना दरवेळी पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुमी पोरं गुतवून ठेवता, म्हणून आईबापाचं ध्यान फडात ऱ्हातंय. लई मोठं काम करता." आणि प्रसेनजितला ते ऐकून दिवसभर बरं वाटायचं.