यादीतलं पहिलं नाव

निन्या त्रान्सितोच्या हातचा पुपुसा, ती सारण भरलेली मक्याची भाकरी, खाल्ला नाही असा माणूस आमच्या एल कोपिनोल गावात नव्हता, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असाही नव्हता. आमच्याकडे साठीच्या बाईलाही आदराने ‘निन्या’, म्हणजे पोरी, म्हणतात. ही पोर पहाटे चारला मक्याची गिरणी सुरू करायची आणि रांगेतल्या बायकांना दळणाबरोबर चार शब्द सुनावायची. मला मास्तर म्हणायची, तेही नाक मुरडून. गावसमितीची प्रमुख तीच होती. दुसरं कोण होणार? तिच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

मी मूळचा समुद्राकाठचा. आमच्या देशातल्या यादवी युद्धाच्या अखेरीस सीमेपलीकडे, होंडुरासच्या निर्वासित छावणीत या लोकांमध्ये येऊन पडलो आणि ते गावी परतले तेव्हा त्यांच्याबरोबर आलो. त्यामुळे गावातली जिवंत माणसं मला ठाऊक होती. मेलेली नव्हती. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

गावाला पूल हवा होता. पावसाळ्यात नदी फुगली की आम्ही अडकून पडायचो. आदल्या वर्षी चेपेची बायको बाळंतपणात अडली आणि काठावरच गेली. पलीकडे दवाखान्याची जीप उभी होती, दिवे लावून. चेपे त्यानंतर महिनाभर कुणाशी बोलला नाही.

तह होऊन दोन वर्षं झाली होती. मोडलेला देश उभा करायला परदेशी बँकेने सरकारला कर्ज दिलं होतं आणि त्यातून आमच्या खोऱ्यात एक पूल होणार होता. एकच. मंत्रालयाचा इंजिनियर वाल्दिविएसो येऊन सांगून गेला, “पन्नास सज्ञान माणसांची यादी द्या. बँकेची बाई स्वतः हजेरी घेईल. माणसं दिसली नाहीत तर पूल वरच्या वाडीला जाईल. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका.”

यादी करायला मी घरोघर निघालो, तर निन्या त्रान्सितोने माझी वही धरली.

“कुणाच्या दाराशी जायचं नाही. मी सांगते, तुम्ही लिहा.”

तिने एका दमात चोपन्न नावं सांगितली. मध्ये कुठे अडखळली नाही. बरीच नावं मी ऐकलेली नव्हती. पण आमच्याकडे प्रत्येकाला तीन नावं, एक बाप्तिस्म्याचं, एक युद्धातलं आणि एक चिडवायचं. ज्याला मी सहा वर्षं ‘बोका’ म्हणत होतो त्याचं खरं नाव मला कुठे माहीत होतं! ही बाप्तिस्म्याची नावं असणार, असं मी मनाशी धरलं आणि सुवाच्य अक्षरात यादी पाठवून दिली. स्वतःच्या अक्षराचं कौतुकही केलं, मूर्खासारखं.

नोव्हेंबरात बँकेची बाई आली. उंच, उन्हाने लाल झालेली, मोडकं का होईना पण आमच्या भाषेत बोलणारी. सगळं गाव चर्चच्या पडवीत बसलं. इंजिनियरने यादी उघडली.

“आर्कादिओ मेनहीवार.”

कुणी उठलं नाही.

“आर्कादिओ मेनहीवार! आहे की नाही?”

मागच्या बाकावरून निन्या फिदेलिना हळूच म्हणाली, “हजर.” तिच्या नवऱ्याचं नाव होतं ते. मला तेव्हा माहीत नव्हतं.

“बाई, मी पुरुषाचं नाव घेतलं. पुढे, क्रूस ओरेयाना.”

“हजर!” आता दहाबारा जण एकदम.

“लिसान्द्रो आल्वारेंगा.”

“हजर!” सगळी पडवी. म्हातारे, बाया, चेपेसुद्धा. चर्चमध्ये मासच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, वेळी गेलेल्यांची नावं पुकारली की सगळ्यांनी मिळून असंच ‘हजर’ म्हणायचं असतं. आणि आल्वारेंगा हे निन्या त्रान्सितोचं आडनाव होतं. लिसान्द्रो तिचा मुलगा असणार.

इंजिनियर याच देशातला. त्यालाही कळलं. त्याने कागद खाली घेतला, तिच्याजवळ आला आणि दातओठ खात पुटपुटला, “निन्या त्रान्सितो, हे काय करून ठेवलंत? मेलेल्यांची यादी? हिला कळलं तर पूल गेला म्हणून समजा. आणि माझी नोकरीही.”

“काय झालं?” बँकेच्या बाईने विचारलं.

इंजिनियर यादीची घडी घालू लागला. मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार, आणि खरं सांगतो, त्याने मारावी अशीच माझी इच्छा होती. पण निन्या त्रान्सितो उठली.

“बाई, ही सगळी युद्धात मेलेली आहेत. नावं मी दिली. मास्तरांना दोष नको, ते नुसते लिहितात.”

मग ती पुढच्या बाकाला धरून सांगू लागली.

“एक्याऐंशी साली एक माणूस आला. म्हणाला, पोरांना दुधाची पावडर द्यायचीय, घरटी नावं सांगा. मी सांगितली. नवव्या दिवशी लष्कराचा ट्रक आला. सार्जंटच्या हातात तीच यादी. वरून वाचत गेला. चौदा माणसं झाली, त्यात फिदेलिनाचा नवरा आणि माझा पोरगाही, आणि ट्रक भरला. परत कुणी आलं नाही.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “माझं नाव मी शेवटी सांगितलं होतं. यजमान आधी जेवत नाही, म्हणून. माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत ते. म्हणून आता जिवंतांची नावं दिली नाहीत.”

तेरा वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फिदेलिनाने उघड्या तळहाताने तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ही तिच्यावर धावून जाणार. ती गेली नाही. जागची हललीही नाही.

“मला जिवंत माणसांची नावं लागतील,” बँकेची बाई म्हणाली. “त्याशिवाय मला सही करता येत नाही.”

“कागद कुठे जाणार?”

“राजधानीत. मग आमच्याकडे.”

“कोण वाचणार?”

“सगळे कोण कोण, ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?”

निन्या त्रान्सितोने तिला नखशिखांत न्याहाळलं. “हे तरी खरं बोललीस,” म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “मास्तर, नवा कागद घ्या. पहिलं नाव माझं. लिहा, त्रान्सितो आल्वारेंगा, गिरणीवाली, जिवंत.”

दुसरं नाव कोण देतं याकडे सगळ्यांचे कान. पुढे आली ती फिदेलिना.

“माझं घाला हिच्या खाली,” ती म्हणाली. तिच्याकडे न बघता.

त्या दिवशी त्रेपन्न नावं झाली.

पुढचे नऊ दिवस गिरणी चालू होती, पण निन्या त्रान्सितो कुणाला एक शब्द बोलली नाही. बायका म्हणायच्या, हिच्या शिव्या परवडल्या. नवव्या दिवशी तिने सगळ्या पोरांना ओढ्यापलीकडच्या गुहेत झोपायला धाडलं. कुणी आलं नाही. पण न्यायला आले तर म्हणून बांधलेलं तिचं गाठोडं दाराशीच राहिलं, नाताळ गेला तरी.

मार्चमध्ये पाणी गुडघ्याएवढं असताना दुपारी पलीकडून ट्रकचा आवाज आला. हिरवा ट्रक, वर ताडपत्री. पोरं शाळेतून पळाली. मीही पळालो, हे लपवत नाही. झाडामागून बघितलं तर वाटेच्या मधोमध ती एकटी उभी. काखेत गाठोडं.

ट्रक पाणी कापत येऊन तिच्यासमोर थांबला.

“यादीत पहिली मी आहे,” ती म्हणाली. “काय ते मला विचारा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.”

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. “असाल हो पहिल्या, निन्या. पण पुलाचं सिमेंट कुठे उतरवू? दीडशे पोती आहेत, मला परत जायचंय.”

तिने ताडपत्रीचं टोक स्वतःच्या हाताने वर केलं. आत वाकून पाहिलं, वरच्या पोत्यावर हात फिरवला. मग तिथेच, वाटेच्या धुळीत, मटकन बसली आणि मुलाचं नाव घेऊन रडू लागली.

आम्ही एकेक करून झाडांमागून बाहेर आलो. फिदेलिना सगळ्यांच्या पुढे होती. तिने आधी ते गाठोडं उचललं आणि मग निन्या त्रान्सितोला हात दिला.