पोहोचलेले बूट
लेकीच्या शाळेच्या नव्या बुटांचा खोका उघडला, की रबराच्या वासासरशी मला लंडनजवळच्या स्लाऊचं ते गोदाम आठवतं. इराकमधल्या ब्रिटिश सैनिकांसाठी तिथून बूट जायचे आणि माल कुठवर पोहोचला हे दाखवणारा प्रोग्राम माझा होता. एका सकाळी पॅकिंगमधली एक गोरी बाई माझ्या टेबलापाशी आली. तिचा मुलगा तिकडे होता. "वाळवंटाचे बूट गेले का रे?" तिने विचारलं. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. मी ऐटीत म्हणालो, "गेले काय, पोहोचलेसुद्धा!" ती म्हणाली, "काल त्याचा फोन आला होता. जुन्या बुटांचे सोल सुटलेत, टेप गुंडाळून चालतोय. चल, दाखवते." मागच्या दाराशी छतापर्यंत खोके रचलेले होते. लॉरी आलीच नव्हती. लेबल छापलं की माल पोहोचला, असं डेमोच्या घाईत मीच प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं. नंतर बदलू म्हटलं आणि विसरलो. तिने एका खोक्यावर हात ठेवला. "नऊ नंबर. त्याचाच." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ती एक ओळ बदलली, तशी हिरवी स्क्रीन खालपर्यंत लाल होत गेली. पुढे दोन वर्षं आम्ही एकाच कँटीनमध्ये जेवलो. त्याला बूट मिळाले का, हे विचारायला मी एकदाही धजलो नाही.