आज मी आभार मानले, पण कशाबद्दल?

प्रभूमधल्या बंधुभगिनींनो, आज एक कबुली द्यायची आहे.

बँकेतल्या बदलीमुळे मी वाराणसीत एकटी राहते. दर रविवारी आम्ही पाचजण माझ्या घरी प्रार्थनेला जमायचो. समोरच्या भाभीजींनी बिल्डिंगभर सांगितलं, ही बाई लोकांना बाटवते. घरमालकाने प्रार्थना बंद करायला लावली. सहा महिने झाले, जिन्यात माझ्याशी कुणी बोलत नाही. आभार मानायला गुडघे टेकले की मी भाभीजींचं वाईटच मागायचे.

आज सकाळी बँकेत निघाले, तर भाभीजी जिन्यात पडलेल्या.

"दीदी, जरा हाथ दीजिए."

मी जागची हलले नाही. त्यांना तीनदा मागू दिलं.

"छह महीने में पहली बार बोलीं आप," मी म्हटलं. त्या रडायला लागल्या. मग हात दिला, रिक्षाने दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं.

बाहेर बाकावर बसले आणि कितीतरी महिन्यांनी मनापासून देवाचे आभार मानले. खोटं कशाला सांगू? ती जमिनीवर होती आणि मी उभी होते, त्याबद्दल मानले.

असले आभार देव ऐकत असेल का?